न्यूरो वॉर्डातले कांदेपोहे

लग्नानंतर बारा वर्षांनी मी माझ्या नवऱ्याशी पहिल्यांदा सलग दहा मिनिटं बोलले, आणि तेव्हा ते बेशुद्ध होते. तोपर्यंतचं आमचं बोलणं म्हणजे "गॅस संपलाय", "बघतो", "कधी?", "बघतो म्हटलं ना", इतकंच. त्यात भांडण नव्हतं हो. शारजातून पहाटे कंपनीच्या बसने जबल अलीला जायचं, गोदामात दिवसभर कंटेनरच्या मागे धावायचं आणि अंधार पडल्यावर घरी यायचं, एवढं झाल्यावर माणूस बायकोशी काय डोंबलाच्या गप्पा मारणार? मीही अल मजाजच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लेकीची शाळा, धुणं, स्वयंपाक यात बुडालेली. एकूण बरं चाललं होतं.

मग एका सकाळी गोदामात उभ्याउभ्या ते कोसळले. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. तातडीने ऑपरेशन झालं, आणि दुबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या न्यूरो आयसीयूत त्यांना ठेवलं. डोक्याला पागोट्याएवढं बँडेज, तोंडात नळी, छातीवर वायरी, उशाशी मशीन टुकटुक करतंय. इजिप्शियन डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन चांगलं झालंय, आता शुद्धीवर कधी येतात आणि आल्यावर किती आठवतं ते बघायचं. मी विचारलं, "पण येतील ना शुद्धीवर?" ते म्हणाले, "इन्शाल्ला."

कंपनीने धावपळ करून सासूबाईंचा व्हिजिट व्हिसा काढला. अलिबागच्या बाहेर फारशी न गेलेली ही बाई एकटी विमानात बसून आली. प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला जन्मभर शिकवून कमावलेला आवाज आणि पिशवीत देवीचा अंगारा, एवढ्या भांडवलावर त्या थेट डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या. डॉक्टर त्यांनाही "इन्शाल्ला" म्हणाले.

"अगं, हा माणूस हो म्हणतोय की नाही म्हणतोय?" सासूबाईंनी मला विचारलं.

"आई, देवाची इच्छा असेल तर, असं म्हणतायत."

"देवाचं मी बघते. याची काय इच्छा आहे ते विचार."

आयसीयूत एका वेळी एकाच माणसाला सोडायचे, सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं. आम्ही दोघी. सासूबाईंनी सकाळची वेळ आधीच बळकावली. का, तर म्हणे सकाळी त्याचं डोकं ताजं असतं. बेशुद्ध माणसाचं डोकं कसलं ताजं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. तेव्हा आमचं एकमेकींशी फारसं सख्य नव्हतं. त्या पत्रात लेकाला 'चिरंजीव' लिहायच्या आणि मला 'सौ.ला आशीर्वाद सांग', म्हणजे बघा.

आयसीयूतली मल्याळी सिस्टर मला म्हणाली, "चेची, बात करो. सब सुनता है ये लोग." चेची म्हणजे ताई. आता बात काय करायची? पहिल्या संध्याकाळी मी पलंगाशी उभी राहिले, घसा खाकरला आणि म्हटलं, "गॅस आला." झालं! पुढे शब्द सुचेना. उरलेला वेळ मी मशीनवरचे आकडे बघत काढला.

पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझी गाडी सुरू झाली, आणि मग ती थांबेचना. बारा वर्षांचं सगळं काढलं. तुमचा तो आतेभाऊ येऊन महिनाभर राहिला आणि रोज आमटीला नावं ठेवत होता. तुम्ही घोरता. लेकीच्या गॅदरिंगला तुम्ही कधी वेळेवर आलात? अबराने, म्हणजे इथल्या लाकडी होडीने, खाडी ओलांडू, पलीकडच्या बाजारात फिरू, असं लग्न झाल्यावर म्हणाला होतात, अजून ती खाडी तिथेच आहे आणि मी इथेच. खरं सांगते, मधेच "बघतो" म्हणायला कुणी नव्हतं, त्यामुळे मला इतकं मोकळं वाटायचं! आणि मग एकदम ध्यानात यायचं, की "बघतो" म्हणायला कुणी नाहीये. त्या एका शब्दासाठी मी काय वाटेल ते दिलं असतं.

नुसतं बोलून भागेना. सिस्टर म्हणाली, नावाने हाक मारा, जोरात. इथे मात्र माझी पंचाईत झाली. यांचं नाव मी आयुष्यात सरळ उच्चारलेलंच नव्हतं. घ्यायचं ते लग्नात, डोहाळजेवणात, नाहीतर कुणाच्या हळदीकुंकवाला, आणि तेही उखाण्यात. पुढे दोन ओळी असल्याशिवाय ते नाव माझ्या जिभेवरून निघतच नाही. म्हटलं ठीक, उखाणा घेऊ. "चांदीच्या वाटीत..." असं मोठ्याने सुरू केलं आणि त्या वाटीत काय होतं तेच आठवेना. सिस्टर बिचारी हात जोडून उभी, तिला वाटलं स्तोत्र चाललंय.

शेवटी तिने विचारलं, घरी काय म्हणता? मी खरं ते सांगितलं, "अहो."

दुसऱ्या दिवसापासून अख्खं आयसीयू त्यांना 'अहो' म्हणायला लागलं. मल्याळी सिस्टर म्हणायची, "अहो, आंखें खोलो." फिलिपिनो नर्स गाण्यात म्हटल्यासारखं लांबवायची, "अहोऽऽ, गुड मॉर्निंग!" साफसफाई करणारा बंगाली म्हणायचा. एके दिवशी डॉक्टरसुद्धा पायाला टिचकी मारून म्हणाले, "यल्ला, अहो!" यल्ला म्हणजे चला, आटपा. सासूबाई सकाळच्या पाळीला गेल्या आणि लालेलाल होऊन बाहेर आल्या. "हा सगळा दवाखाना माझ्या मुलाची बायको झालाय," म्हणाल्या.

त्यांची स्वतःची पद्धत वेगळी होती. त्या पलंगाशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि वर्गातला आवाज काढायच्या, "ऊठ! किती लोळायचं माणसाने? लाज नाही वाटत?" आमचे हे ढिम्म. पण एकदा त्या आवाजाने शेजारच्या पलंगावरच्या पठाण ड्रायव्हरने पाय हलवला. तो आमच्याही आधीपासून, महिनाभर निपचित होता. संध्याकाळी त्याचा भाऊ आमच्यासमोर येऊन हात जोडून उभा, "अम्मा, हमारे भाई को भी डाँटो." तेव्हापासून सासूबाई रोज आपल्या दहा मिनिटांतली दोन त्या पठाणाला द्यायच्या. शुद्ध मराठीत त्याला झापायच्या, की दाढी किती वाढवलीस आणि तुझा भाऊ बघ किती वाळलाय. त्याची प्रगती आमच्या माणसापेक्षा चांगली होती, याचा मला रागच यायचा.

बाहेरच्या वेटिंग रूममध्ये माणसांची रीघ. शारजा-दुबईतली ओळखीची, अर्धवट ओळखीची, सगळी मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी यायची. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "कसे आहेत?" आणि जाताना म्हणायचा, "तुम्ही खंबीर राहा हं." खंबीर, खंबीर! त्या शब्दाचा मला इतका वीट आला होता की कुणी ख उच्चारला तरी माझं डोकं फिरायचं. आम्ही दोघी कशा आहोत, झोपतो का, काही खातो का, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. एक बाई तर शेजारी बसून त्यांच्या मेव्हण्याची कथा सांगायला लागल्या. अगदी अशीच केस, आठ महिने असेच होते, आणि मग एक दिवस... सासूबाईंनी तिथेच त्यांना थांबवलं. "बाई, तुमचा तास संपला," म्हणाल्या, आणि दाराकडे बोट केलं. त्या दिवशी मला सासूबाई पहिल्यांदा आवडल्या.

घरी आल्यावर आम्ही दोघी खंबीर. इतक्या खंबीर, की विचारू नका. त्या भाजी निवडायच्या, मी कणीक मळायची, आणि बोलणं हवापाण्याचं. रडायचं झालं की मी बाथरूममध्ये जायची, नळ पूर्ण सोडायची आणि बादली भरून वाहेपर्यंत रडून घ्यायची. सासूबाई म्हाताऱ्या, त्यात एकुलता एक मुलगा. माझा धीर सुटलेला दिसला तर त्या कोलमडतील, असा माझा हिशोब होता.

एक दिवस लेक म्हणाली, "मम्मा, व्हाय डझ आजी टेक सो मेनी बाथ्स?"

"गरम होतं गं तिला इथे."

"अँड व्हाय डू यू?"

मी तिला होमवर्क करायला पिटाळलं. नऊ वर्षांच्या पोरीने दोन वाक्यांत आमचं सगळं ओळखलं होतं, आणि माझ्या मात्र तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला टाकी धुण्याच्या दिवशी. वॉचमन सकाळीच सांगून गेला होता, दुपारी पाणी बंद. मी भांड्यात पाणी भरून ठेवलं आणि सासूबाईंना सांगायला विसरले. दुपारी त्या बाथरूममध्ये शिरल्या. नळ सोडल्याचा आवाज आला, फुस्स, दोनदा उचकी दिल्यासारखं झालं आणि नळ गप्प. पण तोपर्यंत त्यांना रडू फुटलं होतं, आणि ते काही नळासारखं बंद होईना. चौथीच्या वर्गाला शिकवून कमावलेला आवाज तो. दाबून दाबून किती दाबणार?

मी दारावर थाप मारली. "आई, दार उघडा."

"मी आंघोळ करतेय," आतून.

"नळाला पाणी नाहीये, आई."

मग आतून, "मग कपडे धुतेय."

अखेर कडी निघाली. पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या दारात उभ्या होत्या, आणि मला तेव्हा दिसलं, की या दोन-तीन आठवड्यांत ही बाई अर्धी झालीये. आम्ही दोघी तिथेच उंबऱ्यावर बसलो. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, मी रडले तर तू खचशील. तुझ्या पदरात पोर आहे." मी म्हटलं, "मला वाटलं, मी रडले तर तुम्ही खचाल." त्या म्हणाल्या, "मूर्ख आहेस." मी म्हटलं, "लग्न होऊन तुमच्या घरात आले तेव्हा नव्हते." मग त्या हसल्या, आणि हसताहसता आम्ही दोघींनी असा काही सूर लावला की खालच्या मजल्यावरची भाभी चपला न घालता धावत वर आली.

ही भाभी रत्नागिरीकडची. माझी लेक शाळेतून आली की संध्याकाळपर्यंत तिच्याकडे असायची. आमचं रडणं ऐकून तिला वाटलं, संपलं सगळं. "काय झाला? काय झाला गो?" काही झालं नाही, नुसत्याच रडतोय, असं सांगितल्यावर तिने सुटकेचा श्वास टाकला, आमच्या शेजारी बैठक मारली आणि तीही रडायला लागली. तिची आई गावाकडे वारली तेव्हा तिला जाता आलं नव्हतं, ते रडायचं राहिलं होतं म्हणे. तिघींचं आटोपल्यावर ती खाली गेली आणि तांदळाच्या भाकऱ्या आणि बांगड्याचं सार घेऊन आली. समोर बसून तिने आम्हाला खायला लावलं. कितीतरी दिवसांनी मी जेवले.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी शिस्त घालून दिली. बाथरूम बंद. रडायचं ते संध्याकाळी हॉस्पिटलमधून आल्यावर, चहा झाला की, समोरासमोर. एकदा का तास संपला, की डोळे पुसायचे आणि भाजी फोडणीला टाकायची. "चल, आटप, रडून घेऊ," असं त्या म्हणायच्या. एखाद्या दिवशी मला रडूच यायचं नाही. मग त्या म्हणायच्या, "बरं, मग आज तू नुसती बस. मी घेते." एकदा मी त्यांच्या डोक्याला तेल लावलं. बारा वर्षांत मी त्यांच्या केसांना हात लावला नव्हता.

आणि मग एका सकाळी यांनी डोळे उघडले. आईच्या हाकेने नाही, माझ्या तर नाहीच. फिलिपिनो नर्स सुरात "अहोऽऽ" म्हणाली आणि यांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. बातमी कळली तेव्हा आम्ही दोघी वेटिंग रूममध्ये एकमेकींच्या गळ्यात पडलो. पहिला आनंद ओसरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "नऊ महिने मी वागवला, बारा वर्षं तू सांभाळलास, आणि कारट्याने डोळे उघडले कुणासाठी बघ." मी म्हटलं, "आई, ती गाते तरी. आपण दोघी नुसत्या ओरडत होतो."

हळूहळू नळी निघाली. त्यांना आयसीयूच्या बाहेरच्या न्यूरो वॉर्डात हलवलं, तिथे दोघींना एकत्र जाता यायचं. पठाणही तिथेच, समोरच्या पलंगावर. आम्ही आत शिरलो. यांनी मान वळवली, आईला बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आई? तू कशाला आलीस एवढ्या लांब?" सासूबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. मी पुढे झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओळखीचं हसले आणि म्हणाले, "सिस्टर, एसी थोडा कम करो ना."

मी मागे वळून बघितलं. म्हटलं, मागे सिस्टर उभी असेल. मागे कुणी नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं, की असं होतं. अलीकडची काही वर्षं पुसल्यासारखी झालीत. त्यांना वाटतंय आपण अजून मुंबईत नोकरीला आहोत, लग्न व्हायचंय, आणि कसल्याशा अपघातामुळे इथे आहोत. परत येईल का सगळं? डॉक्टर म्हणाले, "इन्शाल्ला." या वेळी सासूबाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी माझा हात धरला.

मग मी रोज सिस्टर म्हणून जायला लागले. अहो, त्या सिस्टरशी ते काय अदबीने वागायचे! उशी सारखी केली तर "थँक यू, सिस्टर." पाणी दिलं तर "तकलीफ दी आपको." एकदा तर "आपने खाना खाया?" असंही विचारलं. बारा वर्षांत मला कधी कुणी थँक यू म्हटलं नव्हतं. मला त्या सिस्टरचा मत्सर वाटायला लागला. घरी येऊन हे मी सासूबाईंना नकला करून दाखवायची, त्या पोट धरून हसायच्या, आणि मग त्या दिवशीचं रडणं सगळं माझं असायचं. मला भीती वाटत होती. माणूस जगला होता, मी देवाचे आभार मानायला हवे होते, पण तो माझा राहिला नव्हता. ज्या वर्षांत मी होते, लेक होती, तीच नेमकी गेली होती. ती येणारच नसतील, तर मी त्या माणसाच्या घरी कोण म्हणून राहायचं? वॉर्डात लहान मुलांना सोडत नव्हते, ते एक बरं होतं. लेक रोज विचारायची, "डिड पप्पा आस्क फॉर मी?" मी रोज हो म्हणायची.

सासूबाईंनी लग्नाचा फोटो नेऊन दाखवला. यांनी तो बराच वेळ न्याहाळला. मुंडावळ्या बांधलेल्या स्वतःकडे बोट करून म्हणाले, "हा माझ्यासारखा दिसतो, नाही? कुणाचं लग्न?" सासूबाईंनी फोटो पिशवीत टाकला. घर आल्यावर म्हणाल्या, "आठवत नाही ना त्याला? मग पुन्हा दाखवू."

"काय दाखवू?"

"मुलगी."

मला वाटलं, यांचंही डोकं गेलं. पण त्या हटूनच बसल्या. लग्न आठवत नसेल तर लग्नाच्या आधीपासून सुरुवात करायची, चौथीचं गणित येत नसेल तर तिसरीचं पुस्तक काढायचं, हे त्यांचं म्हणणं. साडी नेसायची, ट्रे घ्यायचा, कांदेपोहे न्यायचे. मी भडकले. "आई, मी त्या माणसाचे बनियन धुतलेत बारा वर्षं, आणि आता मान खाली घालून त्याच्यापुढे पोह्याची बशी धरू?"

"मान खाली घातली होतीस कुठे तेव्हा तरी? सरळ बघत होतीस टकाटका," त्या म्हणाल्या.

खोटं नव्हतं. ठाण्याच्या आमच्या घरी हे बघायला आले होते तेव्हा यांनीच मान वर केली नव्हती. दोन बशा पोहे खाल्ले आणि गेले. सासूबाई "कळवतो" म्हणाल्या आणि पंधरवडाभर काही कळवलं नाही. मुलगी जरा तोंडाळ वाटते, असं त्या यांच्या मामांना म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं होतं.

तर भाभीने नारळ खवून दिला, कढीपत्ता दिला, आणि स्वतःचे मोत्यांचे कानातलेही दिले. पोहे मी केले. मल्याळी सिस्टर आता अधूनमधून या वॉर्डातही यायची. तिला सगळं सांगितलं तर तिचे डोळे चमकले. "हमारे केरल में भी होता है, चाय के साथ," म्हणाली, आणि तिने पलंगाभोवतीचा पडदा स्वतः ओढून घेतला. मी पडद्याबाहेर ट्रे घेऊन उभी. समोरचा पठाण आता उशीला टेकून बसू लागला होता, तो आणि त्याचा भाऊ बघतायत. त्यांना काय चाललंय ते कुणी सांगितलं नव्हतं, पण दोघांनी चेहरे गंभीर केले होते.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "बाळा, एक मुलगी आणलीये बघायला."

"इथे? आई, मी असा? डोक्यावर केस नाहीत माझ्या."

"तिला चालतं. मी विचारलंय." मग त्या सांगायला लागल्या. मुलाची आई त्याच आणि मुलीकडच्याही त्याच. "दिसायला बरी आहे. पोहे ठीक करते, पण खोबरं घालायला हात आखडता असतो. तोंडाळ आहे, ते आधीच सांगते, नंतर म्हणशील आई बोलली नाहीस." मी बाहेर ट्रे घट्ट धरून उभी, म्हटलं, झालं! याही वेळी मोडणार. "पण एक सांगते तुला. तुझ्यावर काही संकट आलं ना, तर ही जागची हलणार नाही. मी बघितलंय डोळ्यांनी. मी या परक्या मुलखात तग धरला तो हिच्यामुळे. तू नाही म्हणालास तर मी हिला ठेवून घेईन माझ्याकडे, तुझं तू बघ." शेवटच्या वाक्याला तो आवाज चिरकला. वर्गातल्या आवाजाचं असं झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सिस्टरने मला पाठीवर हलकेच ढकललं. मी आत गेले.

त्यांनी बघितलं आणि गोंधळले. "ही तर सिस्टर आहे." मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच मराठीत, "तुम्हाला मराठी येतं?"

"येतं."

"कधी बोलला नाहीत ते."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

मी बशी पुढे केली. हात थरथरत होता त्यांचा, चमचा मीच धरायला मदत केली. दोन घास खाल्ले. सासूबाई म्हणाल्या, "बोला आता तुम्ही दोघं, काय विचारायचं ते विचारा," आणि रीतीप्रमाणे पडद्याबाहेर गेल्या. बाहेर म्हणजे पडद्याला कान लावून, त्यांची पावलं खालून दिसत होती.

मी विचारायचं ते विचारून टाकलं. "मी तुम्हाला अजिबात आठवत नाही का?"

त्यांनी खूप वेळ बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या, डोळ्यांत पाणी आलं. खोटं बोलता येत नाही या माणसाला, कधीच आलं नाही. "नाही," म्हणाले. "पण तुम्ही गेलात की मी दाराकडे बघत बसतो. तुम्ही उद्या याल ना, असं त्या दुसऱ्या सिस्टरला विचारत असतो."

सासूबाई आत आल्या, पदराने नाक पुसलं आणि वर्गातल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "काय मग? घाई नाही हो. विचार कर, सावकाश कळव."

"कळवायचं काय त्यात? माझं हो आहे," ते म्हणाले. मग बँडेजवरून हात फिरवला आणि खाली बघत म्हणाले, "पण आई, त्यांना नीट विचार. मला बरंचसं आठवत नाही, डावा हात चालत नाही. असा माणूस त्यांना चालेल का?"

ठाण्याच्या घरात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी "चालेल" म्हटलं, पण ते इतक्या जोरात आणि इतकं रडत, की सिस्टर पडदा फाडकन बाजूला करून धावत आत आली आणि आधी त्यांची नाडी बघायला लागली.